बुडखे बाहेर, शेंडे आत

क्रेनबीत गंजी रचायची एकच रीत होती आणि टॅमसिन वॉडली ती पाळत नसे. बाकीचे लोक काट्याने गवत उचलून खुंटांवर टाकत, एक जण वर चढून ते पायांनी तुडवी, शेवटी दाताळ्याने बाहेरून विंचरले की झाली गंजी. टॅमसिन मिठीत मावेल एवढा एकेक कवळ हाताने लावी. बुडखे बाहेर, शेंडे आत, गोल फिरत, प्रत्येक थर गुडघ्याने दाबत. तिची एक गंजी उभी राहीपर्यंत शेजाऱ्यांच्या दोन झालेल्या असत.

"तंबाखू भरतेय बघा पिंपात!" म्हातारा झॅकियस पेल पलीकडच्या तुकड्यातून ओरडे. "ए व्हर्जिनिया, बैलांना घालायचंय का लंडनला धाडायचंय?"

"लंडनला धाडायचं असतं तर तुम्हालाच धाडलं असतं, शेजारी. इथं जरा शांतता झाली असती."

पेल हसे आणि पुन्हा सांगे, "अगं, इतकी घट्ट रचलीस तर आतून तापेल. एक दिवस पेट घेईल."

गंजी कधी पेटली नाही. पण टोपणनाव चिकटले ते चिकटलेच. मॅसॅच्युसेट्सच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्या गावात तिची वीस वर्षे गेली, नवरा तिथलाच, मुलगी तिथे जन्मलेली, तरी ती व्हर्जिनियाच राहिली.

नाव खोटे नव्हते. सोळाशे साठच्या आधी कधीतरी ती व्हर्जिनियात, एका रुंद आणि संथ नदीच्या काठी जन्मली. तिथे नदी इतकी खोल की इंग्लंडहून आलेले जहाज थेट शेताच्या धक्क्याला लागे. माल दारात चढे, सामान दारात उतरे. त्यामुळे कुणाला गावाची गरज पडली नाही आणि गाव झालेच नाही. प्रत्येक घर आपापल्या वळणावर, आपापल्या धक्क्यावर. हिवाळा सौम्य, गुरे वर्षभर रानात मोकळी. त्यांच्यासाठी गवत कापून ठेवायचे असते हे तिने लहानपणी ऐकलेही नव्हते. तिने पाहिली ती तंबाखूची पाने. ती पिंपात कशी लावायची, देठ बाहेर, टोके आत, हे तिला चालायला येण्याच्या सुमारास येऊ लागले होते.

मग एका उन्हाळ्यात नदीकाठच्या तापाने आईबाप दोघेही गेले. तिसऱ्या दिवशी वरच्या वळणावरचा शेजारी होडीने आला. धक्क्यावर बापाची भरलेली पिंपे उभी होती. त्याने एकावर हात ठेवला आणि म्हणाला, "ही माझी. तुझ्या बापानं मला देऊन टाकली होती." टॅमसिन नऊ-दहा वर्षांची होती. तसे काही झाले नव्हते हे तिला माहीत होते. पण ते सांगायचे कुणाला? पुढचे घर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होते. पिंपे गेली, मागून गायी गेल्या, आणि ती स्वतः आज या घरी तर उद्या त्या घरी भांडी घाशीत राहिली. शेवटी जहाजावर काम करणारा मामा तिला शोधत आला आणि उत्तरेला घेऊन गेला.

क्रेनबीची गोष्ट वेगळी. इथली जमीन दगडाळ आणि थंडी लांबलचक. शेते तुटपुंजी. पण गाव आणि समुद्र यांच्यामध्ये भरतीच्या पाण्याखाली जाणारे मैलभर रुंद खाजण पसरलेले, आणि त्यात कुणी न पेरता कमरेइतके खारे गवत उगवे. सगळे गाव त्या गवतावर जगे. गावाने खाजणाचे पट्टे पाडून घराघराला दिले होते. उन्हाळ्याच्या शेवटी, भरती लहान असते त्या आठवड्यात गवत कापायचे, चिखलात ठोकलेल्या खुंटांवर त्याची गंजी रचायची, म्हणजे रोजचे पाणी खालून निघून जाते. मग थंडीची वाट बघायची. खाजण दगडासारखे गोठले की बैल जुंपून, घसरगाडीवर घालून गवत घरी आणायचे. ते आले तर गुरे जगत, गुरे जगली तर नांगर चाले.

तिचा नवरा जोथम वॉडली या ये-जा करण्यातच मेला. लग्नाला बारा वर्षे झाली होती. जानेवारीत गवत आणताना मोठ्या ओहोळावरचा बर्फ फुटला. त्याने पाण्यात उभे राहून दोन्ही बैलांच्या मानेखालच्या खिळी उपसल्या आणि त्यांना जुवातून सोडवले. बैल धडपडत काठावर आले. जोथम आला नाही. त्याला लोकांनी संध्याकाळी गळ टाकून काढले.

तेच बैल, स्पार्क आणि ब्रॉड, आता टॅमसिनच्या गोठ्यात होते. शिवाय एक गाय, आणि नऊ वर्षांची मुलगी होपस्टिल.

क्रेनबीत कुणाला उपाशी मरू देत नसत आणि कुणाला मनासारखे जगूही देत नसत. जोथम गेला त्या वर्षी पंचांनी विधवेकडे काणाडोळा केला. दुसऱ्या वर्षी, गवत कापणी संपल्यावर, डीकन थर्लो घरी आला. डीकन म्हणजे प्रार्थनाघराचा कारभारी, आणि पंचांमध्ये त्याचा शब्द शेवटचा. वाईट माणूस नव्हता. टोपी काढून तो उंबऱ्याशी उभा राहिला.

"वॉडलीबाई, स्पष्टच बोलतो. नांगर चालत नाही त्या घराला गावानं पोसावं लागतं. तुमचे बैल हिवाळा काढतील का?"

"का नाही काढणार?"

"पोटं खपाटीला गेलीयत त्यांची. गेल्या वर्षी एकाला वासे घालून उठवावं लागलं म्हणे."

"एकदाच."

"वसंतात आम्ही येऊ. दोन्ही जनावरं आपल्या पायावर उभी असली तर शेत तुमचं, घर तुमचं, मी पुन्हा या दारात येणार नाही. नाहीतर पोरीला चांगल्या घरी ठेवू. चिल्कॉटकडे जागा आहे. कामही शिकेल."

टॅमसिनला त्या चांगल्या घरांची माहिती होती. ती म्हणाली, "उभी असतील."

डीकन गेल्यावर होपस्टिल दारामागून पुढे आली. "आई, चिल्कॉटकडे कुत्री आहेत ना?"

"आहेत. आपल्याला काय करायचंय त्यांच्या कुत्र्यांशी?"

त्या वर्षी टॅमसिनने एक चूक केली. क्रेनबीत जन्मलेल्या कुणी ती केली नसती. तिने आपली गंजी ओहोळाच्या अगदी काठावर रचली, तीही आखूड खुंटांवर. तिला बर्फावर पाऊल टाकायचे नव्हते, हे त्यामागचे खरे कारण. ओहोळाच्या काठी गंजी असली तर गोठण्याआधीच, नोव्हेंबरात, सपाट बुडाच्या होडीतून गवत गावाच्या धक्क्याला नेता येईल, असा तिचा हिशोब. ज्या मुलखात सगळे काही पाण्यावरून दारात येते तिथल्या माणसाचा हा हिशोब होता. त्या मुलखात भरती माणसाच्या गुडघ्याला लागत नाही. क्रेनबीत ती माणसाच्या डोक्यावरून जाते. हे टॅमसिन वीस वर्षे रोज बघत होती, पण खुंट ठोकताना हातांना जुनी सवय आठवली.

पेलने बघितले होते. "खुंट बुटके आहेत, व्हर्जिनिया. आणि एवढं काठाशी कशाला?"

"मला होडीनं न्यायचंय."

"होडीनं! इथं होडीनं कोण नेतं? समुद्र नेईल."

"तुम्ही तुमची गंजी सांभाळा, शेजारी. वाकडी झालीय."

"वाकडी असेल. पण ती खाजणाच्या मध्यावर आहे," पेल म्हणाला.

ऑक्टोबरच्या पौर्णिमेला ईशान्येचे वादळ आले. आधीच उधाणाची भरती, त्यात वाऱ्याने समुद्र आत लोटला. दोन दिवस खाजण दिसेनासे झाले. घरांच्या ओळीपासून वाळूच्या टेकड्यांपर्यंत एकच करडे पाणी, त्यात गंज्यांचे शेंडे. काही शेंडे हलू लागलेले होपस्टिलने खिडकीतून पाहिले.

"आई, आपली चालली."

"आपली कशावरून?"

"सगळ्यात आधी तीच चालली."

टॅमसिन उठून बघायला गेली नाही. ती मका सोलत होती. तिने ते कणीस पूर्ण सोलले आणि मग दुसरे घेतले.

पाणी ओसरल्यावर सगळे गाव खाजणात उतरले. बहुतेक गंज्या जागच्या जागी होत्या, भिजलेल्या पण उभ्या. नाहीशा झालेल्या दोन. टॅमसिनची तिच्या बुटक्या खुंटांवरून उचलली गेली होती. पेलची उंच खुंटांवर होती, पण त्याचे खुंट जुने होते आणि दोन बाजूंनी मोडले होते.

दोन्ही गंज्या एमॉस चिल्कॉटच्या पट्ट्यात सापडल्या. एक उंचवट्याला अलगद टेकून ठाम उभी होती, फक्त माथा उडाला होता. दुसरी चिखलात फुटून पसरली होती. निम्मे गवत ओहोळात गेलेले, उरलेले गाळाने माखलेले.

क्रेनबीत याला रीत ठरलेली होती. वाहून आलेली गंजी ज्याची त्याने, पंचांच्या समोर, तिच्यावर हात ठेवून आपली म्हणायची. कुणी म्हटलेच नाही तर ज्याच्या पट्ट्यात आली त्याची. देवाच्या नावाने बोललेला शब्द, त्यावर पुढे वाद नाही.

डीकन थर्लो आला. चिल्कॉट आला आणि उभ्या गंजीकडे बघत राहिला. पेल चिखलातल्या गवतावर काठी मारत होता.

"ही माझीच असणार," तो काठी दाखवत म्हणाला. "बघायला नको. माझी गंजी म्हणजे फुटायचीच. आणि ती घट्ट रचलेली, ती त्या बाईची. आयुष्यभर मी हसलो, आता घ्या."

"ओहोळाच्या बाजूनं आली आहे," चिल्कॉट म्हणाला. "वॉडलीबाईंचीच दिसते."

डीकनने मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. त्यालाही ती पोर उचलून न्यायची हौस नव्हती. "चला, वॉडलीबाई. हात ठेवा आणि सांगा."

टॅमसिन गंजीपाशी गेली. बाहेरून सगळ्या गंज्या सारख्याच. पाण्याने गवत विंचरून खाली ओढले होते, दाताळ्याचा मागमूस नव्हता. तिने हात ठेवला. मग, का कोण जाणे, बोटे आत खुपसली. मग मनगट. मग कोपरापर्यंत हात घातला.

आत गवत कसेही होते. आडवे, उभे, गुंतलेले. तिने हात काढला, दोन पावले सरकून दुसरीकडे घातला. तिथेही तसेच. ती गंजीभोवती फिरत राहिली. दर वेळी हात खांद्यापर्यंत आत जाई आणि गाल ओल्या गवताला टेके. लोकांना वाटले, बाई जनावराला कवटाळावे तशी आपल्या गवताला कवटाळते आहे. ती एकच टणक, नीट दाबलेला थर शोधत होती. बुडखे बाहेर, शेंडे आत. कुठेही, निदान एका बाजूला.

नव्हता.

तिथून चिखलातली गंजी दहा-बारा पावलांवर होती. फुटलेल्या गवताचा एक मोठा तुकडा वळलेल्या चटईसारखा आडवा पडला होता. त्याची बुडख्यांची कड इतकी सरळ कापल्यासारखी होती की एकदा दिसल्यावर ती दिसायची थांबेना. दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसत नव्हते. गावात कुणीच तसे रचत नव्हते, म्हणून तसे रचलेले फुटल्यावर कसे दिसते हे कुणाला माहीत असण्याचे कारण नव्हते.

"काय हो बाई, झालं का?" चिल्कॉट म्हणाला. "थंडी वाजतेय इथं."

होपस्टिल डीकनच्या मागे उभी होती. टॅमसिनने तिच्याकडे पाहिले आणि मग गंजीवरून हात काढून घेतला.

"ही माझी नाही."

"काय म्हणालात?"

"ही पेलची आहे. ती चिखलातली माझी."

मग पेल तडातडा चालत आला, आपला हात उभ्या गंजीत खुपसला, बाहेर काढला, त्याकडे बघितले. त्याला अर्थातच काही कळले नाही. "तुला कसं ठाऊक?"

"हाताला ठाऊक आहे."

"हाताला!" पेल लालबुंद झाला. वीस वर्षांत तो तिच्यावर इतका चिडला नव्हता. "अगं मूर्ख बाई, कुणी विचारलं होतं तुझ्या हाताला? मी दिली होती ना तुला? सगळ्यांसमोर दिली होती!"

"तुमची आहे हे ठाऊक असतं तर दिली म्हणता आलं असतं, शेजारी. तुम्ही ती माझी समजून दिलीत."

डीकनने घसा साफ केला. "शब्द झाला," तो म्हणाला. "उभी पेलची, पडलेली वॉडलीबाईंची." जाताना तो तिच्यापाशी थांबला. काहीतरी बोलणार होता, पण "वसंतात येऊ," एवढेच म्हणाला.

तिने आणि होपस्टिलने पुढचे दिवस चिखलात काढले. खारे गवत सहजी कुजत नाही, तेवढा त्याचा गुण. कवळ कवळ ओहोळात धुवायचे, काठीवर वाळत घालायचे, पाठीवरून घरी आणायचे. हाती लागले ते एका बैलाला अर्धा हिवाळा पुरेल इतके. नोव्हेंबरात टॅमसिनने गाय कापली. मांस मिठात घातले. होपस्टिलने दुधाबद्दल एकदाही विचारले नाही. तिला आईकडून ही सवय लागली होती.

खाजण डिसेंबरच्या शेवटी गोठले. त्याच आठवड्यात एका दुपारी पेल कुंपणाशी येऊन उभा राहिला. आत येण्याची त्याची पद्धत नव्हती.

"व्हर्जिनिया!"

"काय?"

"चिल्कॉट म्हणतो, त्याचे बैल मोकळे नाहीत. मोकळे होतील, पण निम्मं गवत त्याचं."

"मग द्या निम्मं."

"त्याला? माझ्या गवतानं त्याचं घोडं जाडं करू? त्यापेक्षा गंजी तिथंच कुजली तरी चालेल. आणि माझी घोडी बर्फावर उभी राहत नाही. पाय फाकतात तिचे."

"मग?"

"मग काय मग! माझ्याकडं गवत आहे, बैल नाहीत. तुझ्याकडं बैल आहेत, गवत नाही. एवढं हाताला कळतं, हे कळत नाही?"

टॅमसिन कुंपणापर्यंत आली. "मी बर्फावर जात नाही."

"ठाऊक आहे."

"मग कशाला विचारता?"

"दुसरं कोण आहे विचारायला?" पेल म्हणाला. "तुमच्या तिकडं असेल प्रत्येकाचं आपापलं. इथलं गवत एकट्यानं घरी येत नाही. कुणाचंच येत नाही. जोथम काय स्वतःचं गवत आणताना मेला? ते माझं होतं."

हे तिला माहीत होते. इतक्या दिवसांत त्याने तोंडाने प्रथमच सांगितले.

बराच वेळ ती कुंपणाच्या दगडांवरचा बर्फ हाताने झाडत राहिली. मग म्हणाली, "निम्मं."

"तिसरा हिस्सा."

"निम्मं. आणि पुढं तुम्ही चालायचं, कुऱ्हाड घेऊन."

"चिल्कॉटही निम्मंच मागतो!"

"मग त्याच्याकडं जा."

पेलने शिवी दिली, ती प्रार्थनाघरात ऐकली असती तर त्याला दंड झाला असता. मग म्हणाला, "उद्या सकाळी."

सकाळी टॅमसिनने स्पार्क आणि ब्रॉडला जुंपले. जुवाच्या खिळी तिने काढून ठेवल्या आणि त्यांच्या जागी विलोच्या ओल्या डहाळ्या खोचल्या. एका हिसक्यात निघतील अशा. पेलने ते बघितले आणि कुऱ्हाड खांद्यावर घेतली.

खाजणावर चालणे सोपे होते. खरे काम ओहोळाचे. तिथे बर्फाखाली भरती-ओहोटी चालूच असते. पाणी उतरले की बर्फ अधांतरी लोंबतो आणि मधेच करकरतो. जोथम जिथे गेला ती जागा दाखवायला काही खूण नव्हती. बैल मात्र तिथे पोचताच थांबले. आपणहून थांबले. ब्रॉडने मान खाली घालून बर्फ हुंगला.

पेल पुढे जाऊन कुऱ्हाडीच्या तुंब्याने, पात्यामागच्या बोथट बाजूने, बर्फ ठोकू लागला. प्रत्येक ठोक्याला कान देत तो पलीकडच्या काठापर्यंत गेला. "ये!" तो ओरडला. "घट्ट आहे. तुझ्या गंजीसारखा."

टॅमसिनचा एक हात ब्रॉडच्या जुवातल्या डहाळीवर होता. तिने जीभ टाळूला लावून आवाज केला आणि बैलांच्या बरोबरीने, त्यांच्या वजनाच्या अगदी शेजारून चालू लागली. मागे लांब राहून हाकले असते तरी चालले असते. सगळे तसेच करत. जोथमही शेवटी पाण्यात बैलांच्या गळ्याशीच होता.

बर्फ दोनदा वाजला. ती थांबली नाही. पलीकडे पोचल्यावर तिने डहाळी सोडली तेव्हा बोटे वळलेलीच राहिली. पेलने पुढे येऊन ती एकेक करून सरळ केली. "परतही यायचंय," तो म्हणाला. "गवत घालून."

त्या हिवाळ्यात ते नऊ वेळा गेले आणि आले. पेलची गंजी संपली.

निम्मे गवत, त्यात तिचे धुतलेले, मार्चच्या मध्यापर्यंत टिकले. मग मक्याचा कडबा, मग भोपळ्यांच्या साली, मग होपस्टिलने रानातून तोडून आणलेल्या मेपलच्या कोवळ्या काड्या. पेलकडे शेवटचे दोन कवळ राहिले होते. त्याने ते आपल्या घोडीला घातले आणि तसे येऊन सांगितले. टॅमसिनने त्याला दोष दिला नाही.

महिन्याच्या शेवटी बैल बहुतेक वेळ बसून असत. टॅमसिन त्यांना उठवत नसे. उठण्याची ताकद एकदाच लागणार होती.

पंच आले तेव्हा बारीक पाऊस पडत होता. डीकन, चिल्कॉट आणि आणखी एक जण. पेल आधीपासून गोठ्याच्या दाराशी उभा होता. त्याला कुणी बोलावले नव्हते.

"उठवा," डीकन म्हणाला.

होपस्टिल आत गेली. "स्पार्क. ऊठ रे." स्पार्क उठला. हाडे मोजता आली असती, पण चारी पाय जमिनीवर होते.

"ब्रॉड."

ब्रॉडने डोळा उघडला.

"ब्रॉड, ऊठ."

त्याने मागचा भाग उचलला. पुढचे गुडघे दुमडलेलेच राहिले. प्रार्थनेला बसल्यासारखा तो तसाच राहिला, आणि त्याच्या मांड्या थरथरू लागल्या. पेलने एक पाऊल पुढे टाकले. वाशासारखे काहीतरी त्याने बरोबर आणलेच होते.

"हात लावायचा नाही, पेल," डीकन म्हणाला. "आपल्या पायावर, असं ठरलंय."

"मी हात कुठं लावतोय? मी नुसता बघतोय."

"मग मागं उभं राहून बघा."

टॅमसिन गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. तिने बैलाकडे बघितले नाही, मुलीकडेही नाही. ती डीकनच्या बुटांकडे बघत होती. ते चिखलाने भरले होते. तो घाईत नव्हता. पाऊस छपरावरून गळत होता आणि डीकन वाट बघत होता. दुसरा कुणी असता तर एव्हाना वळून गेला असता.

होपस्टिल बैलाच्या तोंडापाशी उकिडवी बसली. तिने दोन्ही हात त्याच्या मानेखाली घातले, जिथे जुवाची खिळी येते तिथे.

"तिनं हात लावला," चिल्कॉट म्हणाला.

"नऊ वर्षांची पोर बैल उचलते असं तुम्हाला म्हणायचंय का?" डीकनने विचारले.

ब्रॉडने एक गुडघा सोडवला. खूर घसरला, मग रुतला. मग दुसरा. तो उभा राहिला, झोकांडला, स्पार्कच्या बरगड्यांना टेकला आणि तसाच राहिला.

डीकनने टोपी नीट केली. "दोन्ही उभे आहेत," तो बाकीच्यांना म्हणाला. मग टॅमसिनला, "नांगरणीला सावकाश जुंपा." आणि निघाला. चिल्कॉट त्याच्या मागे काहीतरी बोलत गेला, ते पावसात ऐकू आले नाही.

पेलने वासा भिंतीला टेकवून ठेवला. "यंदा खुंट मी ठोकणार," तो म्हणाला. "तुझे आणि माझे. तू रच कशी रचायची तशी."

टॅमसिन रस्त्याच्या वळणाकडे बघत होती. पंच दिसेनासे होईपर्यंत होपस्टिलचे हात बैलाच्या मानेखालीच होते.

"आई," ती म्हणाली, "आता बसू देऊ का याला?"